थूल मॅडमची रोजची एक खोटी स्लाइड

परवा वर्ध्याला आमचं प्रशिक्षण झालं. विषय होता, सादरीकरणातून विद्यार्थ्यांचा वर्गातील सहभाग वाढवणे. सभागृहातला कूलर नुसता घरघरत होता, पाणी त्यात कोणी भरलंच नव्हतं. समोर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण तज्ज्ञ, हातात लाल ठिपका पाडायचं ते यंत्र. त्यानं पहिली स्लाइड लावली. तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की स्लाइडवर फार मजकूर लिहू नये. तो सगळा मजकूर त्यानं वाचून दाखवला. दुसऱ्या स्लाइडवर लिहिलं होतं की शिक्षकानं स्लाइड वाचून दाखवू नये. तीही त्यानं वाचून दाखवली. माझ्या शेजारी बसलेले देवळीकडचे एक सर तोवर घोरायला लागले होते. मागून एका बाईंनी हात वर केला आणि विचारलं, "सर, पोरं पडद्यावरचं नुसतं उतरवून घेतात. बोलतच नाईत. त्याले काय करायचं?" साहेब म्हणाले, "प्रश्न सर्वात शेवटी घेऊ." शेवटी जेवणाची वेळ झाली, आणि प्रश्न राहिले ते राहिलेच.

मला थूल मॅडम आठवल्या आणि माझं डोकं फिरलं. राग शांत झाल्यावर लिहावं असं लोक सांगतात. मी वाट पाहिली, चांगली दोन-तीन वर्षं पाहिली. तो काही शांत होत नाही, उलट असल्या प्रशिक्षणांनी त्याला दरवर्षी नवी हवा मिळते. तेव्हा रागातच लिहितो.

आमची शाळा वर्ध्याहून बसनं जाण्यासारख्या गावात आहे. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. मी तिथं मराठी शिकवतो. थूल मॅडम विज्ञान शिकवायच्या. त्यांचा नववीचा वर्ग माझ्या वर्गाला लागून, आणि मधली भिंत म्हणजे फटी पडलेल्या लाकडी फळ्या. त्यामुळे त्यांचा प्रत्येक तास मला ऐकू यायचा, माझी इच्छा असो वा नसो. समास शिकवताना मी कितीदा तरी मधेच थांबून पलीकडे कान दिलेला आहे.

उंच, काटक बाई. उन्हाळा असो की हिवाळा, तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटीवर यायच्या आणि पायाशी जुन्या टॉवेलात बांधलेला लॅपटॉप असायचा. बॅग होती, पण ती त्यांनी कोण्या मुलीला देऊन टाकली होती. चेहरा मुळातच भांडायला निघाल्यासारखा. "नमस्कार मॅडम" म्हटलं तरी "काय झालं?" असं विचारायच्या. स्टाफरूममध्ये चहा घ्यायच्या नाहीत. "तिथं चहापेक्षा चुगल्या जास्त उकळतात," म्हणायच्या, आणि शाळेसमोरच्या टपरीवर उभ्यानंच प्यायच्या. मधल्या सुट्टीत मीही तिकडे जायला लागलो, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं.

त्या आमच्याकडे आल्या तेव्हा शाळेत प्रोजेक्टर होता आणि नव्हताही. म्हणजे तो हेडमास्तर भोयर सरांच्या खोलीत, काचेच्या कपाटात होता. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातलेला, वर कुंकू लावलेलं. साहेब लोक भेटीला यायचे तेव्हा तो बाहेर निघायचा, पडद्यावर ताजमहाल आणि मग 'स्वागतम' असं उमटायचं, फोटो निघायचा आणि यंत्र पुन्हा आत जायचं. त्या फोटोंच्या जोरावर आमची शाळा डिजिटल शाळा झालेली होती. गेटवर तसा फलकसुद्धा आहे.

थूल मॅडम पहिल्याच आठवड्यात भोयर सरांच्या खोलीत गेल्या.

"सर, किल्ली द्या."

"कायची किल्ली?"

"कपाटाची. प्रोजेक्टर पाह्यजे मले."

"अहो मॅडम, महागाची वस्तू हाय. पोट्टे खराब करतीन."

"सर, वस्तू कायले हाय? पुजाले की शिकवाले? पुजाले असन तं तसं सांगा, मी उद्या नारळ आणते."

भोयर सर तसे कुणाशी भांडणारे नव्हते. ते आयुष्यभर वरच्यांना हो आणि खालच्यांना पाहू म्हणत आलेले गृहस्थ. त्यांनी किल्ली दिली, पण त्या दिवसापासून थूल मॅडमचं नाव त्यांच्या डोक्यात कुठंतरी लिहिलं गेलं. मला ते तेव्हाच दिसलं होतं.

मॅडमच्या स्लाइड पाहण्यासारख्या होत्या, कारण त्यांच्यात पाहण्यासारखं एकच काहीतरी असायचं. फोटो त्या स्वतः काढायच्या, फोनवर. गंजलेला विळा. बाहेरून घाम सुटलेला पाण्याचा तांब्या. विहिरीच्या काठावरचं शेवाळ. नालीवर घोंगावणारे डास. खाली एक ओळ, फार तर एक प्रश्न. वाचून तर त्या काहीच दाखवायच्या नाहीत. "वाचून काऊन दाखवू? तुमाले डोये नाईत का?" आणि मधेच एक बटण दाबून पडदा काळा करून टाकायच्या. "आता काई दिसून नाई राह्यलं नं? मंग आता डोकं चालवा." काळ्या पडद्यासमोर वर्ग जितका बोलायचा तितका रंगीत पडद्यासमोर कुठला वर्ग बोललेला मी ऐकलेला नाही.

पण हे सगळं नंतरचं. सुरुवात वाईट झाली होती, आणि ती सांगायलाच हवी.

पहिल्या दिवशी त्यांनी फुटलेल्या बोंडाचा फोटो लावला. पांढराशुभ्र कापूस. खाली लिहिलं: 'कापूस हे कपाशीच्या झाडाचे फूल आहे.' आणि त्या गप्प उभ्या राहिल्या. पलीकडून मला फक्त पेनांची खसखस ऐकू येत होती. सगळा वर्ग ते वाक्य वहीत उतरवून घेत होता. वर्गातल्या निम्म्याअधिक पोरांच्या घरी कपाशी. दिवाळीनंतर यांच्या घरात झोपायला जागा नसते, खाटेपर्यंत कापूस भरलेला असतो. ही पोरं सुट्टीच्या दिवशी वेचायला जातात, बोटं फाडून घेतात. आणि तीच पोरं, कापूस म्हणजे फूल, असं सुवाच्य अक्षरांत लिहून खाली रेघ मारत होती. का, तर ते पडद्यावर आलं होतं.

मग जो आवाज आला त्यानं माझ्या वर्गातली पोरंसुद्धा सरळ बसली.

"पेनं खाली ठेवा! खाली ठेवा म्हणते नं! घरात कापूस भरून हाय तुमच्या. डोये उघडल्यावर कापूस, मिटल्यावर कापूस. अन् तुमी हे लिहून घेतलं? कोणालेच काई वाटलं नाई? मी उद्या लिहीन का गाय अंडे देते, तं तेबी लिहान?"

कोणी हसलं नाही. मग मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला. प्रणाली नावाची मुलगी. वडील वर्ध्यात ऑटो चालवतात. माझ्या तासाला मी दोन वर्षांत तिचा आवाज ऐकलेला नव्हता, हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करायची.

"मॅडम, फूल वेगळं राह्यते."

"कसं राह्यते?"

"आदी पाती येते. मंग फूल. पिवळं-पिवळं. थे दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन जाते. मंग बोंड धरते. अन् बोंड फुटलं का कापूस."

"हे तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"पडद्यावर लिहेल होतं नं, मॅडम."

त्या दिवशी मॅडमनं वर्गाला नियम सांगितला. रोजच्या तासाला पडद्यावर एक गोष्ट खोटी असणार. एकच. ती कुठली, ते त्या सांगणार नाहीत. ज्याला सापडेल त्यानं उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, "थांबा." मग कशावरून ते सांगायचं. नुसतं चूक आहे म्हटलेलं चालणार नाही. आणि खोटं सापडल्याशिवाय तास संपणार नाही, घंटा झाली तरी.

त्यानंतर भिंतीपलीकडे जे सुरू झालं त्याला गोंधळ म्हणायचा असेल तर म्हणा. भोयर सर तेच म्हणायचे. पण ज्यांना आम्ही 'ढ तुकडी' म्हणून शाळेच्या मागच्या खोल्यांत बसवलं होतं ती पोरं डोळे ताणून पडद्याकडे बघायची, एकेक शब्द तपासायची, एकमेकांशी वाद घालायची. आमच्यासारख्यांच्या तासाला जी पोरं जांभया देतात तीच. रोशन म्हणून एक होता, त्याला प्रत्येकच स्लाइड खोटी वाटायची. त्याचं आपलं सारखं "थांबा मॅडम". मॅडम कंबरेवर हात ठेवून म्हणायच्या, "सांग. कशावरून?" आणि तो डोकं खाजवत खाली बसायचा. त्यांनी त्याला गप्प मात्र कधी केलं नाही.

एकदा पाण्याचे स्रोत शिकवताना त्यांनी पवनारच्या पुलाचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, वर्धा नदी. रोशन उभा राहिला. "थांबा मॅडम. हे धाम होय. माहा मामा तिथंच राह्यते, मी त्या पुलावरून उड्या मारतो." वर्ग चपापला. कारण त्या दिवसाचं खोटं आधीच सापडलेलं होतं. म्हणजे ही मॅडमची खरीखुरी चूक होती. मॅडम चिडल्या. स्वतःवरच. तास संपवून टपरीवर आल्या तरी धुसफुसतच होत्या. "धाम अन् वर्धा कयत नाई मले? रोज त्या पुलावरून येते मी!" दुसऱ्या दिवशीची पहिली स्लाइड होती: 'काल माझे चुकले. रोशन बरोबर होता.' ती स्लाइड पाहायला मी माझा वर्ग सोडून दारात जाऊन उभा राहिलो होतो. बावीस वर्षांच्या नोकरीत कुणा शिक्षकानं वर्गासमोर असं लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मीही लिहिलेलं नाही.

हे एवढं कशासाठी, असं मी त्यांना टपरीवर विचारलं होतं. त्यांनी चहा संपवला, मग म्हणाल्या, "सर, माह्या भावाले वावरात साप चावला होता. तिथून दवाखाना दूर नाई. गाडीबी होती घरी. पण कोणं तरी मोबाइलमधी व्हिडिओ दाखवला, का आवयून बांधा, चिरा द्या अन् तोंडानं जहर ओढा. शिकलेले लोक होते, सर. व्हिडिओत डॉक्टरसारखा पांढरा कोट घातलेला माणूस होता म्हणे. थेच करत बसले. जीव वाचला. पाय गेला." मग पदराचं टोक झटकलं आणि म्हणाल्या, "पडद्यावर हाय म्हणून खरं! माह्या वर्गातून निघालेला एकबी पोट्टा असा नाई पाह्यजे मले." आणि पेला ठेवून तरातरा निघून गेल्या.

नववीला प्रथमोपचाराचा धडा आला तेव्हा त्या दिवसाचं खोटं काय असणार हे आता सांगायला नको. सापाचा फोटो, खाली ओळ: 'साप चावल्यास जखमेला तोंड लावून विष ओढून काढावे.' स्लाइड आली आणि अर्धा वर्ग एकदम उठला. "थांबा! थांबा मॅडम!" मला भिंतीपलीकडून शब्द न् शब्द ऐकू आला. चिरा द्यायचा नाही, आवळून बांधायचं नाही, माणसाला चालवायचं नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं. प्रणाली सांगत होती, रोशन मधे मधे भर घालत होता. मग मॅडमनी पुढची स्लाइड लावली, तिच्यावर बरोबर काय ते मोठ्या अक्षरांत होतं.

त्या वेळी भोयर सर खिडकीशी उभे होते. गोंधळाचा पुरावा म्हणून फोटो काढायला आले होते. त्यांनी फोटो काढला तो पहिल्या, खोट्या स्लाइडचा. पोरं ओरडत होती ती त्यांच्या कानांवर पडत होती. खिडकी आणि बाक यांत हातभराचं अंतर नाही. सगळं ऐकून त्यांनी तो फोटो संस्थेच्या अध्यक्षांना पाठवला. खाली लिहिलं, 'विज्ञानाच्या तासाला काय चालले आहे ते पाहावे.'

अध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी त्याच महिन्यात शाळेसाठी कोण्या कंपनीचा तयार स्लाइडचा संच घेतला होता, प्रोजेक्टर लावायचा तर त्यावर तोच चालवायचा असा हुकूम होता, आणि थूल मॅडम तो चालवत नव्हत्या. त्यामुळे फोटो पाहून भाऊसाहेबांना काय वाटलं असेल ते मी सांगत बसत नाही. संध्याकाळपर्यंत फोटो पालकांच्या ग्रुपवर होता. दुसऱ्या दिवशी गावोगाव. 'शिक्षिका विद्यार्थ्यांना विष प्यायला शिकवते.' पडद्यावरचं सगळं खरं मानणाऱ्या लोकांनी तेही खरं मानलं.

चौकशी भोयर सरांच्या खोलीत झाली. आम्हा शिक्षकांना भिंतीला लागून बसवलं. आणि काय सांगू, तो फोटो दाखवायला त्यांनी तोच प्रोजेक्टर लावला. थूल मॅडम सोडल्या तर शाळेतल्या माणसांसाठी तो त्या दिवशी पहिल्यांदाच कपाटाबाहेर निघाला असेल.

"मॅडम, हे तुमीच लिहिलं नं?" भाऊसाहेब म्हणाले.

"हो, मीच लिहिलं."

"चूक हाय नं हे?"

"चूक हाय. चूक हाय म्हणूनच लिहिलं."

"म्हंजे तुमी मुद्दाम चूक शिकवता?"

"शिकवत नाई, दाखवते. पोट्टे पकडतात. ही पाहा पुढची स्लाइड." त्यांनी टॉवेलातून लॅपटॉप काढला.

"मले त्या कॉम्प्युटरातलं काई समजत नाई," भाऊसाहेब हात झटकत म्हणाले. "मले फोटो समजते. फोटो समोर हाय."

मी उभा राहिलो. म्हणालो, "भाऊसाहेब, माझा वर्ग शेजारी आहे, मी सगळं ऐकलंय. आणि माझं नसेल पटत तर पोरांना विचारा. पोरं इथंच आहेत."

"सर," भाऊसाहेब म्हणाले, "तुमी मराठी शिकवता नं? मराठी शिकवा." सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तेवढ्यात दारात हालचाल झाली आणि सगळे तिकडे वळले.

दारात प्रणाली उभी होती. तिच्यामागे सगळा वर्ग, व्हरांडा भरून. ती दोन्ही हातांनी चौकट धरून होती.

"थांबा," ती म्हणाली.

खोलीत कुणाला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. मला होता आणि मॅडमला होता. मॅडमनी मान वर केली आणि त्या सवयीनं म्हणाल्या, "कशावरून?"

"थे चूक होती हे आमी तवाच सांगतलं. सगळ्यायनं सांगतलं. भोयर सर खिडकीपाशीच होते. फोटो काढून राह्यले होते. त्यायनंबी ऐकलं."

भोयर सर टेबलावरची टाचणी उचलून पुन्हा ठेवायला लागले. भाऊसाहेबांनी विचारलं, "ही कोण? मोठ्या माणसायच्या मधात बोलाले कोणं शिकवलं तुले?"

"मॅडमनं."

मी माझ्या आयुष्यात शिक्षकाला मिळालेलं याहून मोठं प्रमाणपत्र ऐकलेलं नाही. आणि त्याच वाक्यानं मॅडमचा निकाल लागला. कारण एवढा वेळ भाऊसाहेबांपुढे नुसता एक फोटो होता. आता समोर चाळीसेक पोरं उभी होती, आणि ती बोलायला लागली होती. भाऊसाहेबांना सापाच्या विषाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हे नको होतं. हे पोरांचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी प्रणालीच्या वडलांना बोलावलं. बिचारे ऑटो गेटबाहेर उभा करून, हात पुसत आत आले. भोयर सरांनी त्यांना बसा म्हटलं नाही. तुमची पोट्टी लय बोलते, दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात तसा शेरा जाईन, मंग कुठंच प्रवेश भेटणार नाई, असं सांगितलं. मुलगी घरातली पहिलीच नववीत पोचलेली. वडलांनी हात जोडले. मग मुलीला हात जोडायला लावले. तिनं जोडले. हे सगळं व्हरांड्यात झालं, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, कारण ते सगळ्यांना दिसावं असंच करायचं होतं. भोयर सर, तुम्ही हे वाचत असाल तर वाचा. तुमची मुलगी नागपूरला डॉक्टर होते आहे. तिला कुणी असे हात जोडायला लावले तर तुम्हाला कसं वाटेल, एवढंच विचारतो.

त्या दिवसापासून प्रणाली गप्प झाली. नुसती त्या तासाला नाही, सगळ्याच. हजेरीला पुन्हा हात वर करायला लागली. मॅडमनं खोटी स्लाइड लावली की वर्ग तिच्याकडे बघायचा, आणि ती वहीकडे. मग रोशनसुद्धा उठेनासा झाला. घंटा व्हायची, खोटं तसंच पडद्यावर राहायचं, आणि मॅडम यंत्र बंद करायच्या. भिंतीपलीकडून मला हे सगळं ऐकू यायचं, म्हणजे काहीच ऐकू यायचं नाही.

भाऊसाहेबांनी मग तोडगा काढला. असे लोक तोडगा काढण्यात हुशार असतात. मॅडमनं लिहून द्यायचं की चूक झाली, यापुढे फक्त कंपनीच्या संचातूनच शिकवीन, आणि संस्थेच्या कारंज्याकडच्या शाळेत बदली मान्य आहे. त्या बदल्यात मुलीच्या दाखल्यावर काही येणार नाही.

टपरीवर मी म्हणालो, "मॅडम, सही करू नका. आपण वर जाऊ. कोर्टात जाऊ. मी येतो साक्षीला, भिंतीपलीकडचं सगळं सांगतो."

"सर, लढाले मले भेव नाई," त्या म्हणाल्या. "पण लढाई माही, अन् दाखला तिचा. पोट्टीले मी बोलती केली. आता तिच्या बोलण्याचा दंड तिनं भरायचा का?"

"पण मग तुम्ही जे शिकवलं त्याचं काय?"

त्यांनी पेला टपरीच्या फळीवर ठेवला. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच भांडखोर होता, पण भांडण त्यात उरलं नव्हतं. "थे तुमी सांगजा मले, सर," म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी सही केली. निरोपाच्या कार्यक्रमाला शाल होती, नारळ होता, आणि भोयर सरांनी भाषणात 'मॅडमनी कौटुंबिक कारणास्तव स्वतः बदली मागून घेतली' असं सांगितलं. कार्यक्रमाला पोरांना बसू दिलं नव्हतं. सुट्टी दिली होती.

यानंतर बराच काळ भेट झाली नाही. फोन केला तर "बरं हाय, सर" एवढंच. गेल्या हिवाळ्यात कारंज्याकडच्या त्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि परीक्षक म्हणून मला बोलावलं. मी बसनं लवकर पोचलो. स्पर्धेला वेळ होता, म्हणून त्यांचा वर्ग शोधत गेलो. खरं सांगतो, चालता चालता मी कान लावून होतो. कुठून तरी "थांबा" ऐकू येईल अशी मला आशा होती. इतक्या लांब, भाऊसाहेबांच्या नजरेबाहेर, थूल मॅडमनी पुन्हा सुरू केलं असेलच, असं मी धरूनच चाललो होतो.

दारात उभा राहिलो. प्रोजेक्टर नव्हता, त्या जागी भिंतीवर मोठा चकचकीत पडदा होता, हात लावला की चालणारा. कंपनीचा संच सुरू होता. कोपऱ्यात कंपनीचं चित्र फिरत होतं. मथळा होता, 'आपल्या परिसरातील पक्षी'. खाली ओळीनं चित्रं, चित्रांखाली नावं. मॅडम पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि वाचून दाखवत होत्या. होय, वाचून दाखवत होत्या. "चिमणी." पोरं म्हणाली, "चिमणी." "कावळा." "कावळा." "पोपट." "पोपट."

शेवटचं चित्र वटवाघळाचं होतं.

मला वाटलं, आता. त्या थांबल्यासुद्धा. क्षणभर. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग वर्गाकडे. पोरांच्या माना खाली, पेनं तयार. एकाही पोरानं वर पाहिलं नाही. त्यांना कोणी कधी वर पाहायला सांगितलंच नव्हतं.

"वटवाघूळ," मॅडम म्हणाल्या.

"वटवाघूळ," पोरं म्हणाली, आणि पक्ष्यांच्या यादीत ते लिहून टाकलं.

मग त्यांना दारातला मी दिसलो. त्या हसल्या नाहीत. आधीच्याहून बारीक झाल्या होत्या. केस मधोमध पांढरे. मागच्या एका बाकाकडे हात करून मोठ्यानं, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "या नं, सर. बसा. आता माह्या वर्गात काईच चुकत नाई."

आणि त्यांनी पडद्याला बोट लावून पुढची स्लाइड आणली.